तिथीवाचून आलेला दिवस

दिवाळी हा ठरलेल्या दिवसांचा सण आहे. वसुबारस कधी, धनत्रयोदशी कधी, अभ्यंगस्नानाला पहाटे किती वाजता उठायचे, पाडव्याला कुणी कुणाला ओवाळायचे, हे सारे पंचांगाने आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी केव्हाच ठरवून टाकलेले असते. भाजणी कोणत्या वारी दळून आणायची इथपर्यंत त्यांचा हिशेब पक्का. या ठरलेपणातच सणाची अर्धी गोडी आहे, हे कोण नाकबूल करील? माणूस वर्षभर वाट पाहतो ती ठाऊक असलेल्या गोष्टीचीच.

आणि तरीही आपल्या भाषेने आपला सर्वांत मोठा मान न ठरलेल्याला देऊन ठेवला आहे. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड आपल्याकडे परंपरेने सांगत आले आहेत. आमंत्रण देऊन बोलावलेल्याला आपण पाट मांडतो, रांगोळी काढतो. पण देव म्हणतो ते त्याला, जो दिवस न कळवता दारात येऊन उभा राहतो.

हा मान माणसाला मिळतो, तसा एखाद्या दिवसाला मिळावा काय? ज्याचा बेत कुणी केला नव्हता, ज्याला वहीत जागा नव्हती, असा दिवस समोर येऊन ठाकला, तर त्याचे स्वागत करणे हे शहाणपण, की नुसताच निरुपाय? प्रश्न दिसतो तितका साधा नाही. मला तो पडला आमच्या गावातल्या एका कुटुंबामुळे.

आमचे विंचूर नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात आहे. नाशिकहून येवल्याकडे जाणारा रस्ता गावावरून जातो आणि लासलगावची वाट तेथेच फुटते. त्या नाक्याला आम्ही ‘तीन पाटी’ म्हणतो. ज्या गावच्या नाक्याचे नावच पाट्यांवरून पडले, त्या गावच्या माणसाला लहानपणापासून कळलेले असते की, घराबाहेर पाऊल टाकायचे तर आधी पाटी निवडावी लागते. बाकी आमचा लौकिक कांद्याचा. लासलगावच्या बाजार समितीचे उपबाजार आवार गावात आहे, आणि कांद्याचा भाव हा आमच्याकडे हवापाण्याइतकाच नित्याचा विषय आहे.

या गावातले एक शेतकरी कुटुंब हॉलंडला जाऊन आले. मुलगा तिकडे नोकरीला. सून आणि सात वर्षांची नात त्याच्याजवळ. आबा आणि माई प्रथमच विमानात बसले. महिना एप्रिलचा, म्हणजे उन्हाळ कांद्याच्या काढणीचा. पण तिकडे ट्यूलिप फुलतात तेही याच दिवसांत, आणि फुले काही शेतकऱ्याची सोय पाहून फुलत नाहीत. तेव्हा काढणी धाकट्या भावावर सोपवून आबा निघाले.

सूनबाईने चार महिने आधीपासून सारे आखून ठेवले होते. तिच्या यादीत सर्वांत वर होते लिसे गावचे क्युकेनहॉफ. सन 1950 मध्ये लोकांसाठी खुली झालेली ही बाग वर्षातून जेमतेम आठ आठवडे उघडी असते. सुमारे 80 एकर जागा, आणि तिच्यात दरवर्षी माळ्यांनी हातांनी लावलेले सुमारे 70 लाख कंद! तेथे आत शिरण्याचा दिवस आणि वेळ आधी ठरवून तिकीट काढावे लागते. शनिवार सकाळची तिकिटे तिने काढली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांचे परतीचे विमान होते.

आणि त्या शनिवारी रेल्वेमार्गात कुठेतरी बिघाड झाला. गाडी दोन तास एका जागी उभी राहिली. बागेकडे जाणारी बस जेथून मिळते त्या लायडन शहरात ही मंडळी पोचली, तेव्हा तिकिटावरची वेळ टळून गेली होती आणि दिवसाची उरलेली तिकिटे संपलेली होती. सूनबाई स्टेशनातल्या बाकावर बसली आणि तिच्या डोळ्यांना पाणी आले. मुलगा फोनवर निष्फळ खटपट करीत राहिला. आबांनी थोडा वेळ हे पाहिले आणि म्हणाले, ‘‘आता आलोच आहोत, तर गाव तरी बघू.’’

त्यांनी जे पाहिले ते मी त्यांच्या ओसरीवर बसून तीन वेळा ऐकले आहे, आणि तिन्ही वेळा निराळ्या माणसाच्या तोंडून. स्टेशनापासून थोड्याच अंतरावर 1743 सालची एक पवनचक्की आहे. ती धान्य दळायची चक्की होती हे कळल्यावर आबा तिच्या आत असे शिरले की, पुन्हा बाहेर येईनात. जाते काय, दांडा काय, वारा फिरला की पंखे कसे वळवतात काय. परभाषेतल्या त्या यंत्राशी त्यांचे अर्ध्या तासात सख्य जमले. पुढे गावात भिंतींवर कविता लिहिलेल्या दिसल्या. सन 1992 पासून त्या गावाने घरांच्या भिंतींवर जगातल्या अनेक भाषांतल्या कविता रंगवून घेतल्या आहेत. त्यांची संख्या शंभरावर गेली. माईंना त्यांतले एक अक्षर कळले नाही. पण ‘‘भिंतीवर जाहिरात नाही, गाणं लिहिलंय,’’ याचे नवल त्या अजून सांगतात.

शनिवार असल्याने कालव्याच्या काठी बाजार भरला होता. तेथे कांदा होता. आबांनी एक उचलला, देठाशी दाबून पाहिला, पापुद्रा चोळला, नाकाशी नेला. कांदा परदेशी धाडणाऱ्या देशांत हॉलंडचा नंबर फार वरचा आहे हे त्यांनी ऐकले होते; आता प्रतिस्पर्धी हातात होता. ‘‘टिकायला चांगला आहे,’’ असा निकाल त्यांनी दिला, आणि थोड्या वेळाने, ‘‘पण तिखट नाही,’’ अशी पुस्ती जोडली.

त्याच बाजारात मुलाने त्यांना गावची गोष्ट सांगितली. सन 1574 मध्ये स्पॅनिश सैन्याने लायडनला वेढा घातला होता. उपासमारीने हजारो माणसे मेली. शेवटी त्यांचा नेता ऑरेंजचा विल्यम याच्या हुकुमाने बांध फोडून आसपासच्या रानात पाणी सोडले, आणि त्या पाण्यावरून सपाट तळाच्या होड्या अन्न घेऊन गावापर्यंत आल्या. तो दिवस 3 ऑक्टोबर. स्पॅनिश छावणीत मागे राहिलेल्या एका हंड्यात कांदा आणि कंदमुळे घालून शिजवलेले कालवण सापडले, अशी आख्यायिका आहे. म्हणून आजही त्या दिवशी लायडनच्या घरोघरी गाजर, कांदा आणि बटाटा एकत्र घोटून खातात. पुढच्याच वर्षी, 1575 साली, गावाच्या धैर्याचे बक्षीस म्हणून तेथे विद्यापीठ स्थापन झाले. मुलगा भारावून सांगत होता. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘ज्यांच्या शेतात पाणी सोडलं, त्यांना काय दिलं?’’ मुलाजवळ उत्तर नव्हते.

दुपारी ते त्या विद्यापीठाच्या बागेत गेले. ही बाग 1590 ची. कारोलस क्लुसियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ 1593 मध्ये तेथे आला, त्याने तुर्कस्तानकडून युरोपात आलेले ट्यूलिपचे कंद लावले, आणि पुढल्या वसंतात ते फुलले. हॉलंडच्या साऱ्या ट्यूलिपवैभवाची गोष्ट सांगू लागले की या बागेचे नाव निघते. एका वाफ्यात थोडी फुले होती. सत्तर लाख चुकली होती. ही मूठभर होती. माळी एका कडेला उपटलेले कंद ठेवत होता. नातीने विचारले, ‘‘आबा, हे कांदे आहेत का?’’ आणि आबा तिच्याशेजारी उकिडवे बसून सांगू लागले की, कांदेच म्हण, पण खायचे नाहीत.

खायचे नाहीत हे मात्र सर्वस्वी खरे नाही. सन 1944–45 च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडात असा दुष्काळ पडला की, लोकांनी हेच ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. आणि 1637 च्या फेब्रुवारीपर्यंत याच कंदांच्या सट्ट्यात एकेका कंदाची किंमत घराच्या किमतीला भिडली होती. मग एकाएकी बाजार कोसळला. भाव चढणे, भाव पडणे आणि शेवटी पोटात घालणे: कंद कोणताही असो, त्याची कुंडली तीच. हे सारे मुलगा फोनवर वाचून दाखवीत होता, आणि आबा हुंकार देत होते. जणू काही लासलगावच्याच लिलावाचा वृत्तान्त ऐकत आहेत.

त्या प्रवासात मंडळींनी आणखी पुष्कळ काही पाहिले: राजवाडे, चित्रे, कालव्यांतली बोटीची सहल. पण घरी आल्यावर ओसरीवर गोष्ट निघते ती लायडनची. हे असे का व्हावे?

मला वाटते, ठरलेल्या दिवसावर आपला हक्क असतो. आपण त्याचे पैसे मोजलेले असतात, त्याची चित्रे आधी पाहिलेली असतात, त्याच्याविषयी शेजाऱ्यांना सांगून झालेले असते. तो दिवस उगवला की आपण सावकारासारखे त्याच्यासमोर बसतो आणि वसुली सुरू करतो. फुले चित्रातल्याइतकी लाल आहेत ना? गर्दी जास्त तर नाही? दिलेल्या पैशांत इतकेच? जे मिळते ते जमेच्या बाजूला नुसते पोच म्हणून पडते. जे मिळत नाही ते मात्र व्याजासकट लक्षात राहते. न ठरलेल्या दिवसावर असा हक्क सांगता येत नाही. त्याने आपल्याला काही कबूल केलेले नसते. म्हणून तो देईल ते देणे ठरते, फेड ठरत नाही. सत्तर लाख फुलांपुढे उभी राहिली असती तर नातीने कदाचित पाय दुखतात म्हणून भोकाड पसरले असते. मूठभर फुलांपुढे ती उकिडवी बसली. हक्कापोटी हिशेब सुचतो आणि हक्क नसला की कृतज्ञता सुचते, हे मनुष्यस्वभावातले एक लाजिरवाणे पण उपयोगी सत्य आहे.

आपल्या मराठी प्रवासांच्या पोतडीत याचा फार मोठा दाखला आहे. कुलाब्याकडचे वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली घरचे कर्ज फेडण्यासाठी, दक्षिणा मिळवावी म्हणून आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बेत भिक्षुकी पोटासाठी केलेला, सरळसाधा. पण वाटेत बंडाची आग भडकली, आणि हा गरीब ब्राह्मण झाशीच्या वेढ्यात सापडला. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. घरी आणली ती मुख्यतः गंगेच्या पाण्याची कावड. पण न ठरवता जे डोळ्यांनी पाहिले ते त्यांनी लिहून ठेवले आणि 1907 साली ते ‘माझा प्रवास’ म्हणून छापून निघाले. ठरलेली दक्षिणा त्यांना मिळाली असती, तर ती कर्जात केव्हाच विरून गेली असती. न ठरलेली अजून आपण सारे वाटून घेतो आहोत.

इथवर आले म्हणजे लेखकाला मोठा मोह होतो. बेत करूच नये, वाट फुटेल तिकडे जावे, आयुष्य म्हणजे एक सहल, असे सुंदर वाक्य लिहून मोकळे व्हावे! पण विंचुरात राहून असे वाक्य लिहिणे कठीण आहे. न सांगता येतो तो प्रत्येक जण अतिथी नसतो. दरोडेखोरही तिथी कळवून येत नाही.

सन 2023 च्या 8 डिसेंबरला कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. ती उठायला 2024 चा मे उजाडला. रात्रीत एक हुकूम निघाला आणि ज्यांनी रोपे, खते, मजुरी यांचे हिशेब मांडून लावणी केली होती त्यांचे बेत पाण्यात गेले. बंदी घालणाऱ्यांजवळ कारण होते. शहरातल्या गृहिणीच्या टोपलीचाही विचार कुणीतरी करायला हवा, हे मान्य. पण त्या सकाळी कुणी आबांना येऊन सांगितले असते की, ‘न ठरलेल्याचे स्वागत करावे’, तर त्यांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतले नसते, आणि ते योग्यच झाले असते. तीच गत गारपिटीची. ज्याच्या बेतावर त्याची भाकरी टांगलेली आहे त्याला बेत मोडल्याची गंमत सांगणे ही क्रूरता आहे. लायडनच्या बाजारात आबांनी विचारलेला प्रश्न याच अनुभवातून आला होता. वेढा फुटला, गाव वाचले, विद्यापीठ झाले, सगळे खरे. पण खारे पाणी कुणाच्या तरी पेरलेल्या रानातून गेले.

आणि आमच्या गावच्या नावालाच बेत मोडण्याची एक जुनी गोष्ट चिकटलेली आहे. विंचूरची जहागीर विठ्ठल शिवदेव यांची. त्यांच्याच घराण्याच्या पुण्यातल्या विंचूरकर वाड्यात लोकमान्य टिळकांनी 1894 साली सार्वजनिक गणपती बसवला. हे विठ्ठल शिवदेव पानिपतावर होते. सन 1761 च्या 14 जानेवारीला गोल बांधून, फळी न सोडता लढत पुढे सरकायचे असे भाऊसाहेबांच्या बाजूने ठरले होते. विंचूरकर आणि गायकवाड यांची पथके आवेशाच्या भरात गोल सोडून पुढे धावली आणि फळीत खिंडार पडले, असा ठपका अनेक इतिहासकारांनी ठेवला आहे. घरी बसून असा ठपका ठेवणे सोपे असते. रणातली धूळ कुणी चाखलेली नसते. पण त्या गोलाच्या आड कोण होते हे आठवावे. फौजेबरोबर बायकामुले होती, बाजारबुणगे होते, आणि उत्तरेतली तीर्थे पाहावीत म्हणून सोबत निघालेले यात्रेकरूही होते. त्या कुटुंबांनी आपला सगळा भरवसा दुसऱ्यांच्या बेतावर टाकला होता. बेत हे अशा वेळी वचन असते. ते मोडणाऱ्याला उत्स्फूर्ततेची सबब सांगता येत नाही.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या धरल्या पाहिजेत: आपण बेत मोडणे, आणि बेत मोडला जाणे. पहिल्यात, आपल्या बेतावर कोण कोण विसंबून आहे हे आधी पाहावे लागते. दुसऱ्यात आपला दोष नसतो, पण तेथेही मोडलेल्याची किंमत कुणी दिली हा प्रश्न उरतोच. कुणाची भाकरी बुडाली नसेल, तर त्या दिवसाला अतिथी म्हणून घरात घ्यायला हरकत नाही.

हा निवाडा करून मी समाधान मानले असते. पण लायडनच्या गोष्टीचा शेवटचा तुकडा मला माईंनी फार उशिरा सांगितला. त्या रात्री घरी परतताना सगळे खुशीत होते. मुलगा हसत म्हणाला, ‘‘बरं झालं बेत मोडला!’’ आणि सूनबाई, जी दिवसभरात हळूहळू सावरली होती, ती पुन्हा गप्प झाली. कुणाच्या लक्षात आले नाही. माईंच्या आले. चार महिने रात्री जागून जिने एकेक गाडी, एकेक तिकीट, आबांच्या गुडघ्यांना झेपेल इतकेच चालणे, माईंच्या उपासाला चालेल असे खाणे जुळवले होते, तिला त्या एका वाक्याने सांगितले होते की, तुझे श्रम नसते तर आम्ही अधिक सुखी झालो असतो. माई तिला म्हणाल्या, ‘‘अगं, तू इथवर आणलंस म्हणून हे चुकून तरी दिसलं. घरी बसले असते तर काय दिसलं असतं मला?’’

या साध्या बोलण्यात मला माझ्या प्रश्नाचे राहिलेले अर्धे उत्तर मिळाले. अतिथी तिथीवाचून येतो खरा, पण यायला त्याला घर लागते. कुणीतरी ते घर सारवलेले असावे लागते, चूल पेटती ठेवलेली असावी लागते. उघड्या माळावर अतिथी येत नाही. तेथे नुसता वाटसरू भेटतो. लायडनचा तो दिवस आकाशातून पडला नाही. सूनबाईच्या वहीने त्याला त्या स्टेशनापर्यंत आणून सोडले होते. विंचुरात धाकटा भाऊ उन्हात कांदा काढत होता म्हणून आबांना पवनचक्कीत अर्धा तास रेंगाळता आले. न ठरलेल्याचा आनंद ज्यांना होतो ते बहुधा वेगळे असतात, आणि ठरवण्याचा शीण ज्यांना होतो ते वेगळे. घराघरांत हे ठरवणे वर्षानुवर्षे एकाच माणसाकडे चालत आलेले असते, आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई असते. इतरांनी बेत मोडल्याची मौज करावी आणि तिने मोडलेला बेत उराशी धरून बसावे, हा काही न्याय नव्हे. न ठरलेल्या दिवसाचे खरे स्वागत करायचे, तर आधी ठरवणारीचे ओझे थोडे थोडे सर्वांनी वाटून घ्यायला हवे. म्हणजे बेत मोडलाच, तर तो एकीचा मोडत नाही, साऱ्या घराचा मोडतो. आणि हसायचे झालेच, तर सगळी मिळून हसतात.

जुन्या घरांत एक रीत होती. माणसे मोजून स्वयंपाक करायचा नाही. चार पाने जास्तीची धरायची. कुणी येईल असे ठाऊक नसे, म्हणूनच. आता तशी घरे कमी झाली. आपण सगळेच मोजून रांधतो आणि मोजून जगतो, आणि मग अवचित कुणी आले की आपल्याला वाढायला काही उरत नाही. दिवसांच्या बाबतीतही तीच रीत बरी. आखावे जरूर, पण वहीचे शेवटचे पान कोरे ठेवावे. या दिवाळीत फराळाचे डबे भरले जातील तेव्हा चार चकल्या जास्तीच्या पडू द्याव्यात. आणि त्या तळायला घरातले आणखी कुणीतरी चुलीशी उभे राहावे.